फ्यूज कोणाच्या खिशात

फिटरचाचांचा जगात कोणावरही विश्वास नव्हता. शेठवर नव्हता, वायरमनवर नव्हता, आणि भिंतीवरच्या बटणावर तर मुळीच नव्हता. मशीन बंद केल्याचं दहा जणांनी सांगितलं, तरी ते बोर्डापर्यंत स्वतः चालत जात, चिनी मातीचे तिन्ही पांढरे फ्यूज उपटून काढत आणि बंडीच्या खिशात टाकत. मग खिशावरून हात फिरवून तीन आहेत ना, हे चाचपत. एवढं करूनही हात लगेच मशीनला लागत नसे. आधी एक वाळकी पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडाची काठी, रोलरमध्ये खुपसून बघत. पऱ्हाटीला काही झालं नाही, की मग चाचांचा हात आत जाई.

कोणी घाई केली, की ते एकच विचारत, "बंद शे, आसं कोनी सांगं?" ज्याने सांगितलं असेल त्याच्याकडे वळून बघत आणि म्हणत, "जवय फ्यूज मन्हा खिसामा, तवय मशीन बंद." म्हणजे, फ्यूज माझ्या खिशात असतील तेव्हाच मशीन बंद. बाकी सगळी ऐकीव गोष्ट.

ईरा, गेल्या रविवारी तू तुझ्या कॉलेजच्या वर्कशॉपमधला फोटो पाठवलास, तेव्हापासून हे चाचा माझ्या डोक्यातून जात नाहीत. फोटोबद्दल मी शेवटी लिहिणार आहे. अद्वैत, तूही वाच. तुझं काम खुर्चीत बसून करायचं असलं, तरी खुर्चीखालीही वायर असतेच.

तुम्ही दोघांनी जीन पाहिलेली नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. शेतातून येणाऱ्या कापसात सरकी असते, म्हणजे कापसाचं बी. जीनमधलं मशीन चामड्याच्या दोन जाड रोलरांनी कापसाचे धागे पकडून ओढतं. रुई पुढे जाते आणि सरकी खाली पडते. नंदुरबारला आमच्या जीनमध्ये अशी मशीनं दोन रांगांत उभी होती. प्रत्येक मशीनपाशी एक बाई उभी असे. कापूस नीट सरकवायचा, मध्ये आलेला पाला, सुतळी, गुटख्याच्या पुड्या वेचून काढायच्या आणि कापूस अडकला की तो हाताने मोकळा करायचा, हे तिचं काम. हंगामात या बाया खांडबाऱ्याच्या बाजूने सकाळच्या गाडीने येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. घरी त्यांची बोली वेगळी, पण आमच्याशी त्या नंदुरबारच्या बाजारातली अहिराणी बोलत.

मी तिथे इंग्रजी पत्रव्यवहारासाठी लागले. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली बाई गावात दुसरी नव्हती, आणि शेठना परदेशी व्यापाऱ्यांना पत्रं पाठवायची होती. माझी केबिन काचेची होती. टेबलावरची पेन्सिल कोणी हलवली तर मला कळतं, हे तुम्ही लहानपणी अनुभवलेलं आहे. तेव्हाही तसंच होतं. त्या काचेतून मी पहिल्याच आठवड्यात चाचांना हेरलं. सगळे कामगार सही करून आत येत, हे न करता येत. बंडीच्या बाह्या कोपरापर्यंत कापलेल्या. गळ्यात रुमाल नाही, हातात घड्याळ नाही. उजव्या हाताची दोन बोटं अर्धी. आणि नजर अशी, की समोरच्या माणसाने काहीतरी लपवलं आहे याची त्यांना खात्रीच आहे. मला वाटलं, ज्याची नजर अशी, त्याच्याकडेच लपवण्यासारखं काही असणार.

त्या बोटांचाही मला संशय होता. मी सहज विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, ऊस तोडताना गेली. वॉचमनला त्यांनी सांगितलं होतं, लग्नात फटाका हातात फुटला. आणि रमीला, म्हणजे आमच्या बायांची जी पुढारी होती तिला, सांगितलं होतं की तोरणमाळला अस्वलाने खाल्ली. मी तिन्ही कारणं डायरीत लिहून ठेवली. एका हाताच्या दोन बोटांना तीन कारणं देणारा माणूस माझ्या हिशेबी सरळ नव्हता.

रमी मात्र चाचांना घाबरत नसे. खांडबाऱ्याजवळच्या पाड्यावरची, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली, जिभेने तिखट. एकदा चाचा फ्यूज काढून खिसा चाचपत होते, तेव्हा ती बायांना म्हणाली, "चाचा घर जाईसन चाचीना बी पहिले फ्यूज काढत व्हतीन."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. चाचा मान वर न करता म्हणाले, "तिना फ्यूज कथा शे, हाई मले आजूक सापडनं नही." म्हणजे, तिचा फ्यूज कुठे आहे, ते मला अजून सापडलेलं नाही.

पुढे परदेशी व्यापाऱ्याने अट घातली, की कामगारांच्या सुरक्षेची सगळी व्यवस्था दाखवल्याशिवाय माल घेणार नाही. त्याने इंग्रजीत जाडजूड पुस्तिका पाठवली. ती वाचू शकणारी मी एकटी, म्हणून ते खातं माझ्याकडे आलं आणि मी 'सेफ्टीवाली बाई' झाले. मला ते काम मनापासून आवडलं, हे कबूल करते. खोकी आली. त्यात हेल्मेटं, मास्क, कानात घालायचे बोळे आणि हातमोजे होते. मोजे विणलेल्या सुताचे, तळव्याला निळ्या रबराचा लेप. मी रजिस्टर आखलं, तांबड्या शाईने रकाने पाडले, प्रत्येकीला मोजे दिले आणि सही किंवा अंगठा घेतला. दारावर इंग्रजीत मोठी पाटी लावली.

चाचा पाटीखाली उभे राहिले. "हाई काय लिखेल शे?"

मी अर्थ सांगितला, की सुरक्षा सगळ्यात आधी.

"रोलरले वाचता येस का?" त्यांनी विचारलं आणि निघून गेले. मोजे घेतले नाहीत, अंगठा दिला नाही. मी त्यांच्या नावापुढे 'नकार' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

महिनाभरात मोजे नाहीसे होऊ लागले. सकाळी दिलेले मोजे दुपारी बायांच्या हातात नसत. विचारलं, की रमी म्हणे, "घर राही गयात, बाई." दुसरीही तेच म्हणे, तिसरीही तेच. सगळ्यांचं उत्तर एकसारखं आलं, की ते आधी ठरलेलं असतं, एवढं मला कळत होतं. मी नवे मोजे देत गेले आणि तेही जात राहिले.

आता काचेतून पाहण्याचं माझं प्रमाण वाढलं. चाचा सायकलवर येत. युरियाच्या गोणीची शिवलेली एक पिशवी हँडलला असे. सकाळी ती चपटी दिसे, संध्याकाळी फुगलेली. डबा तोच, तेलाची बाटली तीच, मग फुगतं काय? मी हेही डायरीत लिहिलं. त्याच सुमाराला जीनमध्ये कॅमेरे बसले होते आणि त्यांचा पडदा माझ्या केबिनमध्ये होता. एके दिवशी मी रमीला बोलावून नवे मोजे दिले आणि सांगितलं, "आज हे हातात दिसले नाहीत, तर उद्यापासून येऊ नकोस." तिने मोजे चढवले. मी पडद्यासमोर बसले.

अर्ध्या तासात चाचा चित्रात आले. रमीच्या मशीनपाशी थांबले. तिने एकदा केबिनकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. चाचांनी मोजे ओढून काढले आणि बंडीत कोंबले. मग पुढच्या बाईकडे गेले. चेहऱ्यावर चोरटेपणाचा लवलेश नव्हता, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

मी शेठकडे गेले. डायरी उघडून सगळं वाचून दाखवलं. शेठ डायरीची पानं उलटू लागले. फिटर जुना होता, त्यांच्या वडलांच्या वेळचा. "मॅडम, तुमची खात्री आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी डोळ्यांनी पाहिलं आहे." शेठ म्हणाले, "मग आज फाटकावर बघू. निघालं काही, तर हिशेब करून टाकू." म्हणजे चाचांची नोकरी जाणार होती. मला ते योग्य वाटलं.

सुट्टीचा भोंगा झाला. बायांना गाडी गाठायची घाई होती, तरी फाटकावर शेठ उभे दिसल्यावर सगळ्या थांबल्या. वॉचमनने चाचांची पिशवी मागितली. चाचांनी ती दिली, सायकल स्टँडवर लावली आणि हात मागे बांधून उभे राहिले. वॉचमनने पिशवी जमिनीवर उपडी केली. डबा, तेलाची बाटली, पंचा आणि निळ्या तळव्यांचे मोजे. पुष्कळ मोजे. 

"चाचा?" शेठ म्हणाले.

"मीच लई गऊ. पहिले बी लई गऊ."

"कुठे विकता?" हा प्रश्न माझा.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "इकाले नही, मॅडमबाई. मन्ही घरवाली मिरचीना पथारीवर जास. मिरची खुडनाऱ्या बायास्ना हातनी आग व्हस. त्यास्ले दिन्हात."

नंदुरबारची मिरची तुम्ही ओळखता, तुमच्या या आजीच्या पार्सलमधली. गावाबाहेर पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मैदानात, ती एकरांवर लाल पसरलेली असते आणि बाया दिवसभर उकिडव्या बसून देठ खुडतात. त्यांचे हात घरी गेल्यावरही थंड होत नाहीत. हे खरं होतं. पण मी म्हटलं, "म्हणजे चोरीच. आमच्या बायांचे हात उघडे ठेवून दुसऱ्यांना दिलेत."

"तुम्ही हाई मोजा का बरं देतस?"

"हात वाचावेत म्हणून."

चाचा शेठकडे वळले. "पाच मिनिट द्या, शेठ. मंग काढी टाका मले."

सगळे परत आत गेलो. चाचांनी खिशातले फ्यूज बसवले आणि एक मशीन चालू करायला लावलं. सगळ्यांना दोन पावलं मागे उभं केलं. रमीला म्हणाले, "बैन, हात मांगे ऱ्हाऊ दे." आधी त्यांनी नुसती पऱ्हाटी रोलरला लावली. ती खडखडली, तिचं टोक चेचलं आणि मशीनने ती बाहेर फेकली. मग त्यांनी जमिनीवरून उचलून आणलेला एक मोजा घेतला, त्यात रुई ठासून भरली, हाताएवढा फुगल्यावर सुतळीने दुसऱ्या काठीच्या टोकाला बांधला आणि त्याची फक्त बोटं रोलरला टेकवली.

मला वाटलं होतं, काहीतरी मोठा आवाज होईल. तसं काही झालं नाही. मशीन कापूस घेतं, तितक्याच शांतपणे त्याने मोजा घेतला. आधी बोटं, मग तळवा, मग मनगट. चाचांनी काठी सोडली नसती, तर तेही ओढले गेले असते. काठी मोडून बाजूला पडली. खाली सरकीच्या ढिगावर निळ्या रबराचा एक तुकडा आला.

चाचांनी मशीन बंद केलं, फ्यूज काढले, खिसा चाचपला आणि मग बोलले. "हाई मशीन कापूस ओढाले बनाडेल शे. तिले काय समजस, कापूस कोनता नि मोजा कोनता? उघडा हात चटका बसना का मांगे येस. मोजा घालेल हात येस नही." आणि उजवा हात वर करून, अर्धी बोटं सगळ्यांना दाखवून म्हणाले, "हाई बोट असाच मोजानी खादात."

मी रमीच्या हातांकडे पाहिलं. त्या हातांत सकाळी मोजे मीच चढवायला लावले होते, घरी बसवण्याची धमकी देऊन. पुस्तिकेत मोजे घाला असं लिहिलं होतं. कोणत्या मशीनपाशी घालू नयेत तेही त्यात असेल, पण मी रकाने आखण्यात गुंतले होते. कापूस ओढणाऱ्या मशीनसमोर मी बायांना कापसाचे हात घालून उभं केलं होतं, आणि नेमाने सह्या घेतल्या होत्या.

"मग हे मला येऊन सांगायचं नाही का?" मी चाचांना विचारलं. माझा आवाज वर गेला असावा.

"तुम्ही कागद मानतस," ते म्हणाले. "मन्हाकडे कागद नव्हता."

शेठ चाचांना म्हणाले, "उद्या वेळेवर या." मला म्हणाले, "मॅडम, आता हे सगळं त्यांना इंग्रजीत तुम्हीच कळवा." बाया स्टेशनकडे पळत सुटल्या. जाताना माझ्याशी कोणी बोललं नाही. रमीसुद्धा नाही.

मी माफी मागितली का, असं तुम्ही विचाराल. मागायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाक्य जुळवत बसले होते, तेवढ्यात चाचाच केबिनमध्ये आले. त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. डबा, त्याचं झाकण उघडून. तेलाची बाटली. पंचा, झटकून. शेवटी पिशवी उलटी केली.

"देखी ल्या, मॅडमबाई."

"चाचा, याची काही गरज नाही. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"भरोसा कसाले ठेवतस? डोया शेतस ना, देखी ल्या."

डोळे असताना भरवसा कशाला, हे ते रागाने बोलले की चेष्टेने, मला कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतच नसे. पण तिसऱ्या दिवशीही ते आले, आणि चौथ्याही. हंगाम संपला, दुसरा आला, तरी तो नेम चुकला नाही. रोज सुट्टीनंतर चाचांचा डबा माझ्या टेबलावर उघडा पडे, आणि त्यातल्या भाजीच्या वासावरून मला चाचीचा स्वयंपाक कळू लागला. तुम्हाला खरं सांगायचं, तर मी रोज बघत असे. नको नको म्हणतही पिशवीच्या तळाशी माझी नजर जाई. चाचांना ते दिसे आणि ते मान डोलवत. मी न बघता हात जोडले असते, तर त्यांना कदाचित वाईट वाटलं असतं.

व्यापाऱ्याच्या तपासनिसाला मी पत्र लिहिलं. तो स्वतः आला तेव्हा त्याने बायांचे उघडे हात पाहून कपाळाला आठ्या घातल्या. मी त्याला मशीनपाशी नेलं आणि चाचांना मोजा भरायला सांगितला. काठी मोडली तसा तो मागे सरकला. त्यानंतर आमच्या जीनची वेगळी नियमावली झाली. रुईच्या गाठी बांधतात तिथे मोजे, रोलरपाशी उघडे हात, आणि अडकलेला कापूस काढायला लाकडी आकडा. जुने मोजे मिरचीच्या बायांना द्यायचे, हे मी शेठकडून मंजूर करून घेतलं आणि रजिस्टर चाचांपुढे ठेवलं. त्यांनी आधी रमीला बोलावलं.

"काय लिखेल शे, वाच."

"इंग्रजीमा शे, चाचा."

"मंग अंगठा नही."

मी तो रकाना मराठीत पुन्हा लिहिला. रमीने मोठ्याने वाचला. चाचांनी तिला तो दोनदा वाचायला लावला आणि मग अंगठा दिला. माझ्या रजिस्टरातला तो त्यांचा पहिला अंगठा.

एका गोष्टीत मात्र आमचं कधी जमलं नाही. चाचा मास्क लावत नसत. जीनमध्ये रुईचे बारीक तंतू हवेत भरून असतात. संध्याकाळपर्यंत चाचांच्या भुवया, मिशा, कानांवरचे केस पांढरे होत. मी मास्क पुढे केला, की ते हात आडवा धरत. "नाक बांधी ठेवं, ते जीन जयी ऱ्हायनी हाई कोन सांगी?" म्हणजे, नाक बांधून घेतलं, तर जीन जळते आहे हे कोण सांगेल?

त्यांचं म्हणणं अगदीच हट्टाचं नव्हतं. एका दुपारी ते रुईच्या ढिगाजवळून जाता जाता थबकले, नाक वर केलं आणि सगळ्यांना ओरडून बाहेर काढलं. आम्हाला कोणालाच वास येत नव्हता. शेठ चिडले होते. ढीग फोडल्यावर आत हातभर खोल राखाडी धुमी निघाली. कापसात आलेल्या एखाद्या खड्याने ठिणगी उडवली असावी. पाणी मारलं, वाळू टाकली, जीन वाचली. त्या दिवसानंतर मी मास्कचा आग्रह कमी केला. मोज्यांच्या वेळी मी चुकले होते, आता पुन्हा चुकायची मला धास्ती वाटत होती. ही माझी खरी चूक. मोज्यांच्या वेळी मला काही माहीत नव्हतं. मास्कच्या वेळी, ते तंतू छातीत जाऊन बसतात हे माहीत होतं आणि मी गप्प बसले. त्यांचा खोकला मी काचेतून वर्षानुवर्षं ऐकला.

निवृत्तीच्या दिवशीही त्यांनी पिशवी उघडली. डबा, बाटली, पंचा. मग खिशात हात घालून ते तीन पांढरे फ्यूज टेबलावर ठेवले. जीनमध्ये कुलूप लावता येणारा नवा लोखंडी बोर्ड आला होता, जुन्या फ्यूजचं काम उरलं नव्हतं. "हाई तुम्हना मालमा जमा करा," ते म्हणाले. मी तिन्ही फ्यूजची नोंद केली. त्यातला एक आता माझ्या टेबलावर कागद दाबायला असतो. तशीही नोंद आहे.

दोन वर्षांनी रमीचा फोन आला, चाचा फार थकले आहेत. मी त्यांच्या घरी गेले. ते उशांना टेकून बसले होते. शेजारी प्राणवायूचं मशीन घुरघुरत होतं, नळी नाकाला लावलेली. अंगणात दोरीवर निळ्या तळव्यांचे मोजे वाळत होते. चाचा त्या मशीनकडे जुन्याच नजरेने बघत होते. श्वास घेत घेत म्हणाले, "हाई चालू शे का बंद, तुम्हीच देखा, मॅडमबाई."

मी खाली वाकले. मशीनचा दिवा पाहिला, पट्टीवरचा आकडा पाहिला, नळीचं टोक क्षणभर गालाशी धरून हवा येते का ते पाहिलं. "चालू आहे, चाचा," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि डोळे मिटले. त्यांनी माझा शब्द मानला, की हात लांब करून बघण्याची ताकद राहिली नव्हती, हे मला आजही ठरवता येत नाही.

ते गेल्यानंतर मी चाचीला भेटायला गेले. बोलता बोलता म्हटलं, त्या दिवशी त्यांनी मोज्याने गेलेली बोटं दाखवली नसती, तर आमचे डोळे उघडले नसते. चाचीने माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"कौनसा मोजा, बाई? उंगली तो छोटे थे तब गई. खांडबारे में, मामू के घर, कडबे की मशीन में."

चाची पदराने डोळे पुसत म्हणाली, "घर आके बोले थे मुझे. मशीन दिखाई तो पढ़े-लिखे लोग सोचने बैठेंगे. उंगली दिखाई तो मान लेंगे."

म्हणजे पाचवं कारण. घरी येऊन मी जुनी डायरी काढली आणि ते बाकीच्यांच्या खाली लिहिलं. हेच खरं, असंही मी लिहिलेलं नाही. पण कोणत्याही कारणाने बोटं गेली असोत, सरकीवर पडलेला तो निळा तुकडा मी पाहिला होता, आणि मी काम सोडलं तोवर आमच्या जीनमध्ये एकाही बाईचा हात गेला नाही. रमीचे दोन्ही हात शाबूत आहेत. दिवाळीला ती मला भेटायला येते, तेव्हा मी आधी ते बघते आणि मग तिला बस म्हणते.

आता तुझा फोटो, ईरा. तू लेथपाशी उभी आहेस, हसते आहेस, डोळ्यांवर चष्मा आहे, केस बांधलेले आहेत. ते मला आवडलं. पण तुझ्या हातांत मोजे आहेत आणि एक हात फिरणाऱ्या भागापासून वीतभरावर आहे. मी लगेच फोन केला, तर तू म्हणालीस, "आजी, काळजी करू नको, मशीन बंद होतं. सरांनी सांगितलं होतं."

फ्यूज कोणाच्या खिशात होते, ते सरांना विचार. आणि पुढच्या वेळी मशीनपाशी जाशील, तेव्हा उघड्या हातांचा फोटो पाठव. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तरी मी तो मोठा करून बघणार आहे.